माईची शिकेकाई

गेल्या महिन्यात धाकट्या सुनेचा पुण्याहून फोन आला. "आई, तुमच्या माहेरी शिकेकाई करायचे ना, तिचं प्रमाण मला लिहून पाठवा. मला आता केमिकलवालं काही डोक्याला लावायचंच नाहीये."

एरवी कोणी असं म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. हल्ली सगळ्यांनाच सगळं 'नॅचरल' हवं असतं. पण हिची गोष्ट वेगळी आहे. (तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी लगेच फोन उचलू नयेत!) दीड वर्षापूर्वी तिला कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी. डोक्यावरचे सगळे केस गेले. आता उपचार संपलेत, तब्येत चांगली आहे, आणि डोक्यावर बोटभर केस आलेत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत. त्या बोटभर केसांना ती तळहातावरच्या फोडासारखी जपते आहे.

मी लगेच कागद घेतला. "शिकेकाई १ किलो" एवढं लिहिलं आणि थांबले. प्रमाण आठवायला गेले तर माई आठवली. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असलं तरी मी आधी दोन-तीनशे वर्षं मागे जाते. आमचे हे म्हणायचे, "हिला वेळ विचारली तर ही घड्याळाचा शोध सांगेल." तेव्हा सूनबाई, हे तुझ्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर. प्रमाण शेवटी दिलं आहे. घाई असेल तर थेट तिकडे जा. पण मधलं वाचलंस तर मला बरं वाटेल.

सुरुवात 'शाम्पू' या शब्दापासूनच करते, कारण हा शब्द मुळात आपलाच आहे. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, चेपणं. त्यावरून चंपी. गोऱ्या साहेबांनी अठराव्या शतकात तो इथे ऐकला आणि आपल्या जिभेला वळेल तसा उचलला. तेव्हा इंग्रजीत शाम्पू म्हणजे अंग रगडणं. केस धुण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

हा शब्द विलायतेत घरोघरी पोचवला तो शेख दीन मुहम्मद या माणसाने. जन्म पाटण्याचा, १७५९ सालचा. लहानपणीच कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर राहू लागला आणि १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क गावी जाऊन पोचला. १७९४ साली त्याने आपलं प्रवासवर्णन इंग्रजीत छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. पुढे १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, ते बुडालं. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्याने औषधी वाफेचं स्नानगृह सुरू केलं. माणसाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवून वाफ द्यायची आणि तंबूच्या कापडातून हात घालून त्याचं अंग रगडायचं, असा तो प्रकार होता. याला तो 'शाम्पूइंग' म्हणायचा. १८२२ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही राजांनी त्याला आपला 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून नेमलं. १८५१ मध्ये तो ब्रायटनलाच वारला. अंग रगडण्यावरून हा शब्द डोकं चोळण्यावर, डोकं चोळण्यावरून केस धुण्यावर आणि शेवटी केस धुण्याच्या द्रवावर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नंतर. म्हणजे बाटलीतल्या पदार्थाला हे नाव फार उशिरा मिळालं. 'प्यासा' (१९५७) चित्रपटात जॉनी वॉकर तेलमालिशवाला होऊन गाणं म्हणतो, तोच खरा जुना शाम्पू!

आता वस्तूकडे वळू. आपल्याकडे केस आणि कापड दोन्ही धुवायला झाडांचीच फळं होती. रिठ्याला संस्कृतात अरिष्टक म्हणतात. दुसरं नाव फेनिल, म्हणजे फेसाळणारा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रं शुद्ध कशी करावीत ते सांगितलं आहे. रेशमी आणि लोकरी वस्त्रं खाऱ्या मातीने, बकऱ्याच्या केसांची कांबळी रिठ्याने, तलम वस्त्रं बेलफळाने आणि जवसाच्या धाग्याची वस्त्रं पांढऱ्या मोहरीने. कोणत्या कापडाला काय चालतं, याचा किती बारीक विचार! आजही सोनार रिठ्याच्या पाण्यात दागिने धुतात आणि जुन्या बायका रेशमी साड्यांना रिठाच वापरतात. तो वारसा दोन हजार वर्षांचा तरी आहे.

शिकेकाई ही काटेरी वेल. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढते आणि तिला चपट्या, सुरकुतलेल्या शेंगा येतात. रिठा आणि शिकेकाई दोन्हींत 'सॅपोनिन' नावाचं द्रव्य असतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा मला हे शिक्षकखोलीत चहाच्या बशीत तेल टाकून समजावलं होतं. सॅपोनिनच्या कणाला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेल आवडणारं टोक केसातल्या तेलकट मळाला धरतं, पाणी आवडणारं टोक पाण्याला धरतं, आणि पाणी ओतलं की मळ त्याच्याबरोबर निघून जातो. साबणाचं काम असंच चालतं आणि बाटलीतल्या शाम्पूचंही. तिघांची युक्ती एकच.

मग फरक कुठे? साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेला. तो अल्कधर्मी. केसाचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्ल असतो. साबणाने त्याचे खवले उघडतात, केस खरखरीत होतात. शिवाय पाणी जड असलं तर साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन त्याची चिकट साय केसांवर बसते. हे मी स्वतः भोगलं आहे. आमचं गाव वाईकडचं, पाणी कृष्णेचं. लग्न होऊन सोलापूरला आले आणि बोअरच्या पाण्यात वडीच्या साबणाने डोकं धुतलं, तर केसांचा सुंभ झाला. मी सासरच्या पाण्याला दोष देत होते आणि सासूबाई माझ्या केसांना. दोघींचंही चुकत होतं. शिकेकाईची अशी साय बसत नाही आणि ती साबणासारखी अल्कधर्मीही नसते. म्हणून माहेरी केस मऊ राहायचे.

असं हे माहेरचं न्हाणं. आमच्याकडे रविवार हा मुलींचा न्हायचा वार. आम्ही तिघी बहिणी, दोन चुलत बहिणी, आई आणि काकू. सात बायकांचे केस, त्यातल्या चौघींचे कमरेपर्यंत. परसात न्हाणीघर, त्यात तांब्याचा बंब. शनिवारी रात्री शिकेकाई भिजत घालायची, पहाटे ती उकळायची, मग गाळायची. तेल आदल्या दिवशीच डोक्यावर थापलेलं. एकेकीला पाटावर बसवायचं, डोक्यावर तो तांबूस काढा ओतायचा आणि खसाखसा चोळायचं. फेस जेमतेम. डोळ्यात गेला की मुली किंचाळायच्या, तो आवाज शेजारच्या वाड्यात ऐकू जायचा. मग केस उन्हात वाळवायचे, पावसाळ्यात शेगडीवर ऊद टाकून धुरी द्यायची, विंचरायचे, वेण्या घालायच्या. सकाळी सहाला सुरू झालेलं हे काम बारा वाजेतो संपत नसे.

आणि ही तर आठवड्याची गोष्ट. वर्षाची शिकेकाई करायची ती उन्हाळ्यात. डोंगराकडच्या बायका जावळी खोऱ्यातून शेंगा घेऊन बाजाराला यायच्या. त्या घ्यायच्या, कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवायच्या, रिठे फोडून बिया काढायच्या, आवळकाठी, मेथ्या, नागरमोथा, कपूरकाचरी निवडायची आणि मग सगळं उखळात कांडायचं. कांडताना जी पूड उडते तिने नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं. नाकाला फडकं बांधलं तरी दोन दिवस शिंका थांबत नाहीत. आज आपण 'घरची शिकेकाई' म्हणतो तेव्हा आपल्याला वास आठवतो. या शिंका कोणाला आठवत नाहीत, कारण त्या आपण दिलेल्या नव्हत्या.

त्या माई द्यायची.

माई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा प्लेगमध्ये गेला. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली ती कायमची. मी पाहिली तेव्हा ती साठीच्या पुढची होती. तांबडं आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर आणि पदराखाली गुळगुळीत डोकं. ठराविक दिवसांनी पहाटे मागच्या पडवीत न्हावी यायचा आणि आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी असायची. १९५०-६० पर्यंत अशा म्हाताऱ्या आमच्या बाजूच्या ब्राह्मण घरांतून दिसत होत्या. घरातल्या कोणी बळजबरी करत होतं असं नव्हे. आजोबा म्हणे तिला "आता पुरे" असं म्हणाले होते. पण पन्नास वर्षांची सवय सोडायला ती तयार झाली नाही.

तर घरातल्या सात बायकांच्या केसांची शिकेकाई जी वाळवायची, कांडायची, उकळायची आणि डोक्याला चोळायची, तिच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता.

लहानपणी हे मला कधी खटकलं नाही. माईचं डोकं तसंच असतं, एवढंच. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका रविवारी पाटावर बसल्या बसल्या तिला विचारलं, "माई, तुझे केस कुठे गेले गं?" आई चुलीपाशी होती, ती एकदम "अगं ए!" करून ओरडली. माई शांतपणे म्हणाली, "नदीला दिले." आणि लगेच, "डोळे मीट, शिकेकाई जाईल." आणि तिने माझ्या डोक्यावर तांब्या ओतला.

आणखी एक गोष्ट आठवते. सगळ्यांचं न्हाणं झालं की पातेल्याच्या तळाशी थोडा काढा उरायचा. तो ती स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यायची आणि दोन्ही हातांनी चोळायची. मी एकदा पाहिलं तर म्हणाली, "वाया कशाला घालवायचा?" पुढे किती वर्षं मला ते खरंच काटकसरीचं वाटत होतं.

मी पुढे इतिहास घेऊन बी.ए. झाले, सुधारणेचा कालखंड शिकवू लागले, तेव्हा माई माझ्या पुस्तकात भेटू लागली. विधवेचं केशवपन मनुस्मृतीतही सांगितलेलं नाही. त्यात विधवेने व्रतस्थ राहावं असं आहे, मुंडणाचा उल्लेख नाही. सुधारक हाच मुद्दा मांडत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. १८८८ साली आगरकरांचं 'सुधारक' सुरू झालं आणि त्यातून त्यांनी या चालीवर कोरडे ओढले. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधल्या यमूचं वपन मी वर्गात कधी नीट सांगू शकले नाही. आवाज बसायचा.

पण मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते ती १८९० सालची गोष्ट. मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि ठरवलं की आम्ही यापुढे विधवांचे केस कापणार नाही. यामागे पुढाकार होता सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांना संघटित करणारे आणि 'दीनबंधू' चालवणारे ते हेच. विचार करा, शास्त्री-पंडित ग्रंथांचे आधार काढून भांडत होते आणि इकडे ज्यांच्या हातात वस्तरा होता ते म्हणाले, आमच्या हातून हे पाप नको. त्यात त्यांची मिळकत बुडणार होती. तरी म्हणाले. मी हा धडा शिकवताना मुलींना नेहमी विचारायची, "या सभेत बायका किती होत्या असं वाटतं?" मुली गप्प व्हायच्या. मग आम्ही पुढे जायचो.

माईचं वपन झालं ते या सभेनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी. मुंबईतला ठराव वाईपर्यंत पोचायला पंधरा वर्षं पुरली नाहीत.

आता पुन्हा केस धुण्याकडे येते. लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. तिकडे बर्लिनमध्ये १९०३ साली हान्स श्वार्झकोफ या औषधविक्रेत्याने केस धुण्याची पूड कागदी पुड्यांतून विकायला काढली, आणि १९२७ मध्ये द्रव शाम्पू आणला. पण हे सगळे साबणाचेच भाऊबंद. साबणाशिवायचा, म्हणजे कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू अमेरिकेत १९३०च्या दशकात 'ड्रीन' या नावाने आला. जड पाण्यातही त्याची साय बसेना. मोठा बदल तो हाच. आपल्याकडे १९६४ साली सनसिल्क आला, पण ती श्रीमंतांची बाटली. आमच्या घरात ती केवळ जाहिरातीत दिसायची. खरी क्रांती केली ती तामिळनाडूतल्या कडलूरच्या माणसांनी. तिथल्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पाकिटात भरायची कल्पना काढली आणि १९८३ मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी स्वतःचा 'चिक' शाम्पू काढला. पाकिटात एका न्हाण्यापुरता शाम्पू. मग ही पाकिटं खेडोपाडीच्या दुकानात तोरणासारखी लटकू लागली.

त्या काळात मी सोलापूरला सकाळच्या शाळेत होते. सातची घंटा, पदरात दोन लहान मुलं. मला आठवतं, पहिल्यांदा पाकीट फोडून मी बुधवारी, हो, आडवारी, दहा मिनिटांत डोकं धुतलं आणि ओल्या केसांची सैल वेणी घालून शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्या आईच्या पिढीत बाईने आडवारी डोक्यावरून पाणी घेतलं की साऱ्या वाड्याला कळायचं, ही आज चौथ्या दिवसाची न्हाली. न्हाणं ही खासगी गोष्टच नव्हती. त्या पाकिटाने मला वेळ दिला, आणि कधी न्हायचं हे माझं मी ठरवायची मोकळीकही दिली. त्या पाकिटांचा कचरा पुढे नाल्यानाल्यांत तुंबला, हे खरं. पण म्हणून तो दिलेला वेळ खोटा ठरत नाही. शाम्पूला आज कितीही नावं ठेवली तरी मी हे विसरू शकत नाही.

आता सूनबाई, तुझ्या 'केमिकल'बद्दल. तुझ्या मनात काय आहे ते तू बोलली नाहीस, पण मला कळलं. शाम्पूमुळे तर आपल्याला हे झालं नाही ना, हीच शंका ना? शाम्पूत फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट किंवा त्याचा सौम्य भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट घालतात. पहिल्याने कर्करोग होतो अशी आवई १९९०च्या दशकाच्या शेवटी ई-मेलमधून जगभर फिरली, आणि ती अजून फिरतेच आहे. तसा पुरावा मिळालेला नाही. त्याने त्वचा कोरडी पडते आणि चुरचुरते हे मात्र खरं. इतकं खरं की त्वचेचे डॉक्टर त्वचेची जळजळ अभ्यासायला मुद्दाम तेच द्रव्य वापरतात. म्हणजे तुझ्या नाजूक झालेल्या त्वचेला ते टाळणं शहाणपणाचं आहे, पण भीतीने टाळू नकोस. तू काही चुकीचं डोक्याला लावलंस म्हणून आजारी पडली नाहीस. हे मला तुला केव्हाचं सांगायचं होतं.

आणि 'नॅचरल' या शब्दावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नकोस. परवा मी दुकानात एक बाटली पाहिली. वर हिरवं पान आणि रिठ्याचं चित्र. मागची यादी भिंग लावून वाचली. जे जास्त ते यादीत आधी, असा नियम असतो. आधी पाणी, मग तेच सोडियम लॉरेथ सल्फेट, आणि रिठ्याचा अर्क पार खाली, सुगंधाच्या शेजारी. गंमत म्हणजे ते सल्फेटही बहुतेक वेळा खोबरेल तेलापासून किंवा पामच्या बियांच्या तेलापासूनच बनवतात. मग नैसर्गिक कशाला म्हणायचं? उलट शिकेकाई अस्सल जंगलातली, पण ती डोळ्यात गेली तर काय होतं ते आम्हा पाच बहिणींना विचार. रिठ्याचं पाणी तर माशांना मारक असतं. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, असं नसतं.

बाटलीतल्या टिकाऊपणाच्या द्रव्यांवरही लोक रागावतात. पण पाणी असलं की तिथे जंतू वाढणारच. माईचा काढा दुसऱ्या दिवशीच आंबूस व्हायचा. म्हणून तिने वर्षाचा साठा केला तो कोरड्या पुडीचा, काढ्याचा नव्हे. टिकवण्याची तिची युक्ती हीच होती, पाणी दूर ठेवायचं.

आता प्रमाण. माई शेर-छटाकात बोलायची, मी ते आईच्या वहीवरून किलोत बसवलं आहे. वाळलेली शिकेकाई १ किलो, बिया काढलेले रिठे पाव किलो, आवळकाठी पाव किलो, मेथ्या १०० ग्रॅम, नागरमोथा १०० ग्रॅम, कपूरकाचरी ५० ग्रॅम, संत्र्याच्या वाळलेल्या साली दोन मुठी. सगळं उन्हात कडकडीत वाळवून गिरणीतून दळून आण. कांडत बसू नकोस, तेवढं नैसर्गिक व्हायची गरज नाही. मग चाळून कोरड्या बरणीत भर. तुझ्या केसांना दोन चमचे पूड पुरे. पेलाभर पाण्यात रात्री भिजव, सकाळी उकळ, कोमट झाल्यावर तलम फडक्यातून दोनदा गाळ. गाळलेलं पाणीच वापर, चोथा नको, तो टाळूला ओरखडतो. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस, पुढे नाही. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ, आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवूनच सुरू कर. त्या "थांबा" म्हणाल्या तर थांब. कंटाळा आला तर सौम्य शाम्पू आण आणि वापर. आमच्याकडून काही बोल लागणार नाही.

आणखी एक सांगते. केस झडायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "गळताना बघवत नाही, मीच काढून टाकते." लेकाने मशीन आणलं, तू खुर्चीत बसलीस, आणि मी शेजारी उभी होते. तू अधूनमधून हसतही होतीस. मला तेव्हा रडू आलं, आणि तुला वाटलं तुझ्यासाठी. तुझ्यासाठी होतंच. पण मला तेव्हा मागची पडवी दिसत होती. अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं नसेल. तुझे केस परत येणार हे आपल्याला ठाऊक होतं, तिच्याबाबतीत ते पुन्हा येऊ नयेत याची व्यवस्था होती. संध्याकाळी मी तुझ्या डोक्याला खोबरेल चोळून दिलं. त्या गुळगुळीत डोक्याचा स्पर्श माझ्या हातांना नवा होता. साठ वर्षांपूर्वी त्या घरात एक तसंच डोकं होतं, आणि आम्ही पाचजणी असून त्याला कधी कोणी तेल लावून दिलं नाही. तिनेच आम्हाला लावावं, हे आम्ही गृहीत धरलं होतं.

माई १९६६ साली गेली. तिच्यानंतर दोन-तीन उन्हाळे आईने शिकेकाई केली, मग बाजारची पूड आली, मग वड्या, मग पाकिटं. आमच्या बहिणींत त्या पुडीला 'आईची शिकेकाई' म्हणायची पद्धत पडली, कारण वहीतलं अक्षर आईचं. मीही तसंच म्हणत आले. या पानाच्या मथळ्यात ते दुरुस्त केलं आहे.

मात्र ते अर्धवटच दुरुस्त झालं आहे. 'माई' हे काही नाव नव्हे. तिचं पाळण्यातलं नाव काय, लग्नातलं नाव काय, मला ठाऊक नाही. परवा आमचा कुलवृत्तांत काढून पाहिला. पणजोबांच्या नावाखाली चार मुलगे, त्यांच्या शिक्षणासकट, नोकरीसकट. शेवटी 'एक कन्या, बालविधवा' एवढंच. त्या काळातल्या आमच्या घरातलं आता कोणी उरलेलं नाही, पण दापोलीची आणि इंदूरची शाखा हे वाचत असते हे मला माहीत आहे. कोणाच्या घरी जुनी पत्रं असतील, सोयराची वही असेल, लग्नाच्या आहेराची यादी असेल, तर जरा चाळून बघा. साल साधारण १९०२ ते १९०५. नाव सापडलं तर मला कळवा. सुनेच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवायची आहे, ती मी अजून कोरी ठेवली आहे.